पुण्यातल्या आमच्या गटाची जुनी विज्ञान-श्रुतिका त्याच कलाकारांसह पुन्हा करावी का?

जरूर करा! बीबीसीची १९७८ची विनोदी विज्ञान-श्रुतिका 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' २००४मध्ये परतली, तेव्हा नायक आर्थर डेंटचा आवाज पुन्हा सायमन जोन्सचाच होता. निवेदक पीटर जोन्स हयात नव्हते, तिथे विल्यम फ्रँकलिन आले. लेखक डग्लस ॲडम्सही २००१मध्ये गेले होते. पण दर जन्मी आर्थरमुळे मरणाऱ्या अग्रजॅग या पात्राला ॲडम्स यांचाच आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज दिला. ऐकताना अंगावर काटा येतो.

तुमच्या मंडळींचे आवाज आता जड झाले असतील. ते लपवू नका, कथाच तेवढी वर्षं पुढे न्या. आणि रेकॉर्डिंग घरोघरी वेगवेगळं नको. कोथरूड-हडपसर कितीही लांब पडलं तरी सगळ्यांना एका खोलीत बसवा, पंखा बंद करा. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडण्यातली जान एरवी येत नाही.