तीळ ‘उडवून’ घेण्याआधी

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी तळपायावर नवा तीळ आला, दुखत नाही, खाजत नाही, हळूहळू पसरतोय, आणि एका सौंदर्योपचाराच्या क्लिनिकने ‘दोन मिनिटांत लेझरने उडवून देतो’ म्हणून सांगितलंय. ते ‘दोन मिनिटांत’ वाचलं आणि पोटात गोळाच आला. माझ्या पोटरीवरच्या तिळालाही दोनच मिनिटं लागली होती. निस्तरायला दीड वर्ष गेलं.

मी डॉक्टर नाही. हा फक्त माझा अनुभव, आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून विचारून कळलेलं.

तीळ काढला ही माझी चूक नव्हतीच. तो काढून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं आणि काढणाऱ्याने सांगितलं नाही. केस जळल्यासारखा वास आला, वर मलम लावलं, झालं. सहा महिन्यांनी त्या पांढुरक्या व्रणात तपकिरी ठिपके उगवले. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, लावून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “आधीच्या तिळाचा रिपोर्ट कुठाय?” अर्धवट काढलेला साधा तीळसुद्धा व्रणातून परत उगवतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मेलानोमासारखा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगासारखा, दिसू शकतो. अशा वेळी पहिल्या तिळाची स्लाइड, म्हणजे काचपट्टीवरचा त्याचा पातळ काप, असली तर उलगडा होतो. माझी स्लाइड नव्हतीच, सगळं धुरात गेलेलं. क्लिनिकमध्ये जाऊन विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणते, “जाळलेल्याचा कसला रिपोर्ट, मॅडम?” कागदावर नोंद काय, तर ‘चामखीळ काढली’. चामखीळ! तीळ आणि चामखीळ यांतला फरक न कळणाऱ्याच्या हातात मी पाय दिला होता.

पुढे बायोप्सी झाली, रिपोर्टवर ‘निश्चित सांगता येत नाही’, मग दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत, शेवटी खबरदारी म्हणून आजूबाजूची जास्त त्वचा घेऊन पुन्हा छेद. दर सहा महिन्यांनी तपासणी अजून चालू आहे. कदाचित तो तीळ पहिल्यापासून निरुपद्रवीच असेल. ते आता कधीच कळणार नाही.

तुमच्याबद्दल. वेडावाकडा आकार, फाटक्या कडा, दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, ही धोक्याच्या खुणांची यादी तुम्ही वाचलीच असेल, परत उगाळत नाही. फक्त त्यातल्या ६ मिलिमीटरच्या आकड्यावर विसंबून ‘माझा लहान आहे’ म्हणू नका. लहान पण बदलणारा तीळ मोठ्या पण वर्षानुवर्षं तस्सा राहिलेल्या तिळापेक्षा आधी दाखवावा. अंगावरच्या बाकीच्या तिळांत जो एकटाच वेगळा दिसतो, तोही. रक्त येणारा, न भरणारा, किंवा टणक होऊन भराभर वर येणारा असेल तर लगेच. विशी-तिशीपर्यंत नवे तीळ येतच असतात आणि बहुतेक साधेच असतात, पण चाळिशीनंतर उगवलेला मी तरी दाखवून येईन.

आणि ‘आपण सावळे, आपल्याला काही होत नाही’ हे डोक्यातून काढा. सावळ्या त्वचेत मेलानोमा एकूण कमी होतो हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली, म्हणजे उन्हाचा फारसा संबंध नसलेल्या जागी. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, आणि आधी तो फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता. म्हणून तळपायावरच्या नव्या, पसरणाऱ्या तिळाचे फोटो काढत महिने घालवू नका. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कदाचित डर्मोस्कोपने बघून ‘काही नाही’ म्हणतील आणि तुम्ही माझ्यावर चिडाल, चालेल.

जाताना नेलपॉलिश काढून जा आणि बोटांमधल्या फटीही बघायला सांगा. काढायचं ठरलंच तर आधी एकच विचारा, “हे पॅथॉलॉजीला जाणार ना?” उत्तर गुळमुळीत आलं तर चप्पल घाला आणि निघा. रिपोर्टची प्रत घरी ठेवा, आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला नमुना) कुठल्या लॅबमध्ये आहे ते त्यावर लिहून ठेवा.