शिल्पकार इसामू नोगुचींनी डिझाइन केलेल्या दुर्मिळ घरगुती वस्तू जमवायच्या आहेत. अस्सल कशा ओळखाव्यात, सुरुवात कशाने करावी?

तुमच्या प्रश्नातल्या 'अस्सल' या शब्दाशीच आधी थोडं भांडतो. शिल्प अस्सल म्हणजे शिल्पकाराचा हात लागलेलं. नोगुचींनी (१९०४–१९८८) घरासाठी जे केलं, त्यातलं बहुतेक कारखान्यातून बाहेर पडलं. त्याला त्यांचा हात लागलेलाच नाही. त्यामुळे 'खरं की खोटं' याच्या जोडीला 'कोणत्या काळातलं' हेही विचारावं लागतं. हे कळायला मला चांगले पैसे मोजावे लागले.

त्यांचं कॉफी टेबल तुम्ही पाहिलंच असेल: एकसारखे दोन वळणदार लाकडी तुकडे, त्यातला एक उलटा करून दुसऱ्यात अडकवलेला, आणि वर नुसती ठेवलेली जाड काच. हर्मन मिलर कंपनीने ते १९४७ मध्ये बाजारात आणलं, १९७३ मध्ये बंद केलं आणि १९८४ मध्ये पुन्हा सुरू केलं. मला विकणाऱ्याने काचेच्या कडेवरची सही दाखवून 'पन्नासच्या दशकातलं आहे, ही बघा सही' असं सांगितलं. मी भाळलो. पुढे कळलं की काचेवर सही टाकायला कंपनीने सुरुवात केली ती २००३ मध्ये! म्हणजे टेबल कंपनीचंच होतं, नक्कल नव्हती, पण किंमत मात्र मी जुन्याची दिली होती. ज्या खुणेवर मी विश्वास ठेवला, तीच ते नवं असल्याचा पुरावा होती.

तेव्हापासून खिशात टेप असतो. सुरुवातीच्या टेबलांची काच पाऊण इंचापेक्षा जाड, ७/८ इंचाची होती. साठच्या दशकाच्या मध्यापासून ती पाऊण इंचावर आली. पण काच फुटते आणि बदललीही जाते, तेव्हा निकाल लाकडावर लावा. दोन्ही तुकडे एकाच वयाचे दिसतात का, सांध्याच्या पिनेभोवतीची झीज जुनी आहे का, ते पाहा. पाया चेरीच्या लाकडाचा असेल तर जरा थांबा. तसे अगदी सुरुवातीलाच बनले.

आता माझ्या आवडीची वस्तू. १९३२ मध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचं अपहरण झालं आणि अमेरिकेतले आईबाप हादरले. त्या भीतीतून झेनिथ रेडिओ कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांनी बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र करवून घेतलं आणि त्याचं रूप घडवलं नोगुचींनी. १९३७ चा हा 'रेडिओ नर्स' म्हणजे बेकलाइटचं (त्या काळच्या कडक प्लास्टिकचं) डोकं: नाक नाही, डोळे नाहीत, थोडी परिचारिका, थोडा केंडोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळाचा, मुखवटा. पाळण्याजवळ ठेवायचा भाग, 'गार्डियन इअर', वेगळा होता आणि आवाज घरातल्याच विजेच्या तारांमधून जायचा. आज बहुतेकदा नर्स एकटीच विकायला येते, कान कुठेतरी हरवलेला. दोन्ही एकत्र दिसले तर किंमत ऐकायच्या आधी खुर्ची धरा.

मी अजून ती घेतलेली नाही. दोनदा अगदी जवळ आलो होतो. एकदा खालच्या कडेला केसासारखा तडा होता, दुसऱ्यांदा कोणीतरी वरून रंग फासला होता. बेकलाइट ठिसूळ असतं, म्हणून विजेरीचा उजेड तिरपा टाकून कडा तपासा. अंगठ्याने घासून गरम झाल्यावर कार्बोलिकसारखा उग्र वास यायला हवा. आणि विक्रेत्याने 'चालू आहे' म्हणून कितीही गळ घातली तरी प्लग लावू नका. आतले कपॅसिटर नव्वदीकडे झुकलेत.

सुरुवात मात्र यातल्या कशानेच करू नका. 'आकारी' घ्या, म्हणजे नोगुचींचा कागदी दिवा, आणि तोही नवा. १९५१ मध्ये नोगुची जपानमधल्या गिफूला गेले, तिथले कागदी कंदील पाहिले आणि पुढे आयुष्यभर त्यांचे नवनवे आकार काढत राहिले. लाकडी साच्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, तुतीच्या सालीचा कागद चिकटवायचा, वाळला की साचा सुटा करून आतून काढून घ्यायचा. गिफूची ओझेकी कंपनी आजही ते असंच हाताने करते. नोगुचींनी १९८६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात हेच दिवे शिल्पांबरोबर मांडले होते, त्यामुळे 'दिवाच तर आहे' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. खरेदी करताना कागदावरचा सूर्य-चंद्राचा लाल शिक्का पाहा. जुन्या आकारीच्या मागे लागायचंच असेल तर आधी कागद बदललेला आहे का ते विचारा. बदललेला असेल तर तुम्ही जुन्या सांगाड्याचे पैसे देताय, दिव्याचे नाही.