दारातल्या माणसाचा आवाज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. ‘पायलट होता आलं नाही काका, आता हेलिकॉप्टरच्या दारात बसून अडकलेल्यांना वर घ्यायला नुसती केबल सोडायची,’ असं लिहिलंयस. ते ‘नुसती’ मला लागलं. त्याच दारात माझी बावीस वर्षं गेली.

पायलटला आपल्या बरोब्बर खालचं दिसत नाही रे. कौलं, विजेच्या तारा, माडाच्या झावळ्या, गच्चीवर पोराला छातीशी धरून उभी असलेली बाई, हे दिसतं दारातल्या माणसाला. दाराबाहेर डोकं काढून तू इंटरकॉमवर बोलत राहायचं: ‘फॉरवर्ड फाइव्ह, फॉरवर्ड थ्री, स्टेडी.’ एवढं मोठं धूड तुझ्या शब्दावर हलतं.

२०१८ च्या केरळच्या पुरात, १७ ऑगस्टला, आलुव्याला नौदलाने दिवस भरलेल्या एका बाईला गच्चीवरून वर घेतलं. कमांडर विजय वर्मा पायलट होते. आधी डॉक्टरला खाली सोडलं, तिला उचलता येईल ना याची खात्री केली, मग तिला घेतलं. कोचीच्या नौदल रुग्णालयात तिला मुलगा झाला. वर्मांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण तो व्हिडिओ लागला की माझी नजर केबलवरच जाते. पोटुशी बाई, एक हिसका बसता कामा नये. केबल गुंडाळणाऱ्या यंत्रावरचा, म्हणजे विंचवरचा, तो हात कुणाचा, हे किती जणांना माहीत आहे?

दोन गोष्टी आत्ताच पक्क्या कर. केबलच्या टोकाचा हूक आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायचा, मगच खालच्याने हात लावायचा. उडताना यंत्रात साठलेली वीज सणसणीत झटका देते. आणि वर घेताना पट्ट्यात बसलेल्याला हात खाली, अंगाशी ठेवायला लावायचे. घाबरलेला माणूस हात वर करतो आणि पट्ट्यातून निसटतो.

सरावात एकदा केबलला लटकून खाली उतरणारा आमचा डायव्हर झाडाकडे झुलला आणि मी नुसता किंचाळलो. कुठे, किती, काही नाही. त्या क्षणी पायलट आंधळाच झाला. फांदीने डायव्हरचा खांदा फाटला. त्याने मला कधी बोल लावला नाही, पण तो खांदा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आईने धोक्याचं विचारलं तर खोटं बोलू नकोस. २०१३ ला उत्तराखंडात पुराच्या मदतीला गेलेलं हवाई दलाचं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं, वीस जण गेले. ती बातमी तिनेही वाचली असेल. तिच्याजवळ बस, तिचं सगळं ऐकून घे.

आणि रविवारी चाळीत ये. गच्चीवर दोर आणि भरलेली कळशी ठेवतो, खाली चौकात रांगोळीने गोल काढून घेतो. मी कठड्याकडे पाठ करून दोर धरीन, तू वाकून सांगायचं. पाणी न सांडता कळशी गोलात उतरली, की मग चहा.

तुझा,
काका