तोक्योत पहिल्यांदा चित्रं बघायला जाताना

तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाताय ना? मग सगळं एका दमात बघून संपवायचा हट्ट आधी सोडा. संग्रहात १३,००० हून जास्त कलाकृती आहेत. एका वेळी मांडतात त्यातल्या साधारण २००. थेट चौथ्या मजल्यावर जा आणि बघत बघत खाली उतरा, मांडणीच तशी आहे.

‘निहोंगा’ आणि ‘योगा’ हे शब्द कानावर पडतील. आपला योगा नव्हे हं! हा योगा म्हणजे पाश्चात्त्य धाटणीची चित्रं, बहुतेक तैलरंगातली; निहोंगा म्हणजे जपानी धाटणीची. निहोंगाचे रंग म्हणजे खनिजांची पूड सरसात कालवलेली. समोर उभं राहण्यापेक्षा जरा तिरकं होऊन बघा, रंगाचे कण चमकतात.

किशिदा र्‍यूसेई यांचं १९१५ चं चढणीच्या रस्त्याचं चित्र लागलं असेल, तर तिथे निवांत दहा मिनिटं द्या. तांबड्या मातीचा चढ, त्यावर खांबांच्या आडव्या पडलेल्या सावल्या. खांब मात्र चित्रात नाहीतच! मला हे दुसऱ्या खेपेला दिसलं.

निहोंगा चित्रकार योकोयामा ताइकान १९०३ साली कलकत्त्याला येऊन गेले होते. त्यांची चित्रं बघायची तर निघण्यापूर्वी यादी तपासा; नाजूक कामं आलटूनपालटून लावतात. आणि सोमवार टाळा.