चार्जर काढला की लॅपटॉप मंद का होतो?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-८२५०यू हा प्रोसेसर असून त्याचा वेग १.६ गिगाहर्ट्झ असल्याचे माहितीपत्रकात छापलेले आहे. टास्क मॅनेजरमध्ये मात्र कधी ०.८, तर कधी ३.४ असा आकडा दिसतो आणि चार्जर काढला की काम चांगलेच मंदावते. प्रोसेसरमध्ये दोष आहे का? तो तपासण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ आकडा बदलतो म्हणून प्रोसेसर सदोष ठरत नाही. आपल्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ असला, तरी टर्बो बूस्ट या वेग वाढवणाऱ्या सुविधेमुळे तो थोड्या वेळापुरता ३.४ पर्यंत चढतो आणि काम नसताना मुद्दाम खाली उतरतो. वेग उतरला की प्रोसेसरला लागणारा व्होल्टेजही कमी करता येतो. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने बॅटरीची खरी बचत तिथे होते. त्यामुळे लॅपटॉप नुसता सुरू असताना दिसणारा ०.८ हा आकडा पाहून काळजी करू नये.

वेगाची परीक्षा भार टाकूनच घ्यावी लागते. त्यासाठी सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्याच्या टूल्स मेनूमधील बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, सुरू करून शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवावा. पहिल्या अर्ध्या मिनिटातला आकडा दिलासा देणारा असतो, पण त्यावर जाऊ नये. हा प्रोसेसर १५ वॅटच्या मर्यादेसाठी बनवलेला असल्याने सर्व कोअरवर (प्रोसेसरमधील काम करणाऱ्या भागांवर) सतत भार असताना वेग ३.४ च्या बराच खाली येऊन स्थिरावणार, आणि दहा-पंधरा मिनिटांनंतरचा तो स्थिर आकडाच नोंदवून ठेवावा. तो १.६ च्याही खाली गेला आणि पंखा जोरात फिरत असला, तर आधी जाळीत साठलेली धूळ साफ करून घ्यावी.

हीच चाचणी चार्जर काढून पुन्हा करावी. फरक मोठा आढळल्यास विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, दिसत असल्यास, ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ही प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा पाहावी. तिथे ‘ऑन बॅटरी’समोर १०० ऐवजी ९९ टक्के असले, तरी बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. एका टक्क्याने एवढा फरक पडेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. लॅपटॉपसोबत आलेले निर्मात्याचे वीजबचतीचे सॉफ्टवेअरही तपासावे, कारण विंडोजमध्ये एक मोड आणि त्यात दुसराच, असा घोळ नेहमी आढळतो. ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र घेऊ नयेत.

उलट चार्जर लावल्यावरच लॅपटॉप रांगू लागला, तर संशय चार्जरवर घ्यावा. माझ्या एका जुन्या लॅपटॉपला बदली चार्जर ओळखता येत नसे, त्यामुळे तो जोडताच कितीही भार असला तरी वेग ०.८ वर अडकून राही. विंडोज दोनदा नव्याने टाकल्यावर हे कारण माझ्या लक्षात आले.