४० साइझच्या (०.४० घन इंची इंजिनाच्या) ग्लो ट्रेनरचं, म्हणजे उडवायला शिकण्याच्या रेडिओ कंट्रोल विमानाचं, इंजिन काढून इलेक्ट्रिक करायचंय. मोटर कोणती घ्यावी आणि खर्च किती येईल?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'आमच्याकडचे ज्येष्ठ म्हणतात इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं, इंजिनच ठेव.' ते वाचलं म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी मैदानावर बाबांसमोर ऐकलंय.

आधी मोटर. साठ इंची पंखाचं, सव्वादोन-अडीच किलोचं ट्रेनर असेल तर किलोमागे २२० वॉट धरा, म्हणजे ५००-५५० वॉट. हाताशी थोडी जास्त ताकद असावी म्हणून ७०० वॉट झेपणारी, ८०० केव्हीच्या (दर व्होल्टमागे ८०० आरपीएम) आसपासची ब्रशलेस मोटर, ४ सेलची ४००० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि १२×६ चा, म्हणजे १२ इंच व्यासाचा आणि ६ इंच पिचचा, इलेक्ट्रिक प्रॉप (पंखा) घ्या. इंजिनाच्या खोक्यावर १.२ हॉर्सपॉवर छापलंय म्हणून ९०० वॉटच्या मागे लागू नका. तो आकडा ज्या आरपीएमला मिळतो, तिथे ट्रेनरवरचं इंजिन फिरतच नाही. मोटर मोठा प्रॉप सावकाश फिरवते, तेवढ्यात काम होतं. मात्र पुढचं चाक आखूड असेल तर १२ इंची प्रॉप जमिनीला घासत नाही ना, ते बघा.

बाबांचं ट्रेनर बाल्साचं, त्यांनी स्वतः बांधलेलं. खांदा आखडल्यावर प्रॉप फिरवून इंजिन सुरू करणं त्यांना जमेना. स्टार्टर दाबून धरायलाही जोर लागतोच. हळूहळू ते मैदानावर यायचेच थांबले. मी म्हटलं, इलेक्ट्रिक करू. तिथल्या एका काकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "इंजिनासाठी बांधलेलं विमान आहे ते. नाक हलकं होईल, शिसं भरत बसशील, वजन वाढून पडेल." बाबा गप्प राहिले. मला राग आला तो त्याचाच.

घरी वजनकाटा काढला. एकीकडे इंजिन, सायलेन्सर, टाकी, थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर (सर्व्हो) आणि रिसीव्हरची बॅटरी. दुसरीकडे मोटर, ईएससी आणि लिपो. नवं सामान जड भरलं खरं, पण टाकीभर इंधनापेक्षा कमी फरकाने. लिपो टाकीच्या जागी, फायरवॉलला (इंजिन ज्यावर बसतं ती नाकातली प्लायची भिंत) टेकवून ठेवली आणि सीजी (विमानाचा तोल साधणारा गुरुत्वमध्य) जागेवर आला. शिसं अजिबात लागलं नाही. शिवाय इंधन संपत जातं तसा सीजी सरकतो, ती भानगडही गेली.

खरं काम फायरवॉलचं. इतक्या वर्षांचं इंधनातलं एरंडेल प्लायमध्ये मुरलेलं, आणि तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुन्हा पुसलं, वरचा थर पॉलिश पेपरने घासला. तरी चिकटवण्यावर भरवसा न ठेवता मोटर आरपार बोल्ट आणि मागे टी-नट (लाकडात रुतणारे नट) लावून बसवली. मोटर इंजिनापेक्षा आखूड, म्हणून स्पेसर देऊन प्रॉप जुन्या जागीच आणला, प्रॉप किंचित उजवीकडे आणि खाली झुकवणारा थ्रस्टचा कोन तसाच ठेवला. टाकीच्या कप्प्याला वरून झाकण केलं, नाहीतर दर वेळी बॅटरी बदलायला रबर बँड सोडून पंख उतरवावा लागतो.

विमान बाबांनीच उडवलं. ते उतरल्यावर काका म्हणाले, "आवाज नाही तर मजा काय?" आवाज आवडतो हे मला मान्य आहे. मग तसंच म्हणावं, उडणार नाही असं म्हणू नये. ३० जून १९५७ ला इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी 'रेडिओ क्वीन' सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवलं. रेडिओ कंट्रोलच्या इलेक्ट्रिक विमानाचं नोंद असलेलं ते पहिलं उड्डाण, आणि तो आराखडा मुळात डिझेल इंजिनाचा होता. म्हणजे सुरुवातच इंजिन काढून झाली.

आता सावधगिरी. बॅटरी जोडली की मोटर कधीही फिरू शकते, म्हणून सगळं सेटिंग प्रॉप काढूनच करा. ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणारा भाग) लिनियर प्रकारचा असेल तर ४ सेलवर तापतो, वेगळा स्विचिंग बीईसी लावा. सामान थंड राहावं म्हणून हवा आत येते त्यापेक्षा बाहेर जायची वाट मोठी ठेवा. २० टक्के चार्ज उरला असताना उतरवा. फायरवॉल तेलाने मऊ पडली असेल तर ती बदलल्याशिवाय मोटर लावूच नका. खर्चाचं म्हणाल तर लिपोचा चार्जर तुमच्याकडे आहे की नाही यावर बरंच अवलंबून आहे. आणि इंजिन छान चालतंय, कुणाला त्रास नाही, तर बदलायची गरजही नाही.

पहिल्या उड्डाणाआधी वॉटमीटर लावून फुल थ्रॉटलला अँपिअर बघा. ५० च्या वर गेले तर प्रॉप एक इंच कमी करा. आणि तेव्हा आकडे वाचायला त्या ज्येष्ठांनाच बोलवा.