कमरेतलं इंजेक्शन पिकलंय. गोळ्यांनी जिरेल की चिरा द्यावा लागेल?

तुम्ही लिहिलंय की आईला मधुमेह आहे, १० दिवसांपूर्वी डायक्लोफेनॅकचं (दुखणं कमी करणारं) इंजेक्शन कमरेत घेतलं, आता तिथे लिंबाएवढी टणक गाठ आहे, रात्री ठणका लागतो आणि दोन दिवसांपासून ताप येतोय. यात पू धरला असण्याचीच शक्यता जास्त. आज-उद्याच सर्जनला दाखवा. साचलेल्या पुवाच्या आत रक्त खेळत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक तिथे पुरेसं पोचत नाही. गोळ्यांनी ताप उतरतो, चार दिवस बरं वाटतं आणि आत गळू मोठं होत राहतं.

इंजेक्शननंतरची प्रत्येक गाठ म्हणजे गळू नव्हे. पहिले दोन-तीन दिवस जागा दुखते, थोडी कडक लागते. ते ओसरत गेलं तर काळजी नाही. लहान मुलांच्या मांडीत लशीनंतर न दुखणारी वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे राहते, तिला हात लावू नये. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दुखणं वाढत जाणं, जागा गरम-लाल होणं, त्या बाजूवर बसता न येणं, ही पिकल्याची खूण.

कुल्ल्यावर (आपण सभ्यपणे 'कमरेत' म्हणतो) चरबीचा थर जाड असतो. पू खोल असेल तर वरून बोटाला लिबलिबीत लागतच नाही आणि 'अजून पिकलं नाही, शेका' असा सल्ला मिळतो. अशा वेळी त्या जागेची सोनोग्राफी करा. पू आहे का, किती खोल आहे, किती मिलीलिटर आहे, सगळं कळतं.

पू असेल तर चिरा देऊन निचरा हाच उपाय. लहान गळू जाड सुईने ओढून काढता येतं, पण ते पुन्हा भरू शकतं. मोठं आणि खोल असेल तर भूल देऊन चिरा देतात, आतले कप्पे बोटाने मोडतात, सलाईनने धुतात आणि पोकळीत गॉजची पट्टी सैलसर भरतात. जखमेला टाके घालत नाहीत, कारण ती तळापासून भरत वर यायला हवी. वरचं तोंड आधी मिटलं तर आत पुन्हा पू साचतो. रोज ड्रेसिंग धरून साधारण दोन-तीन आठवडे धरा. काढलेला पू कल्चर-सेन्सिटिव्हिटीला (कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने मरतो, या तपासणीला) पाठवायला सांगा. बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस हा जंतू निघतो, पण कोणत्या औषधाला दाद देतो ते रिपोर्टवरच ठरतं. आईंना मधुमेह आणि ताप दोन्ही असल्याने निचऱ्यासोबत अँटिबायोटिकही लागेल. साखर रोज मोजा. पू असेपर्यंत ती चढीच राहते, काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागू शकतं.

मलम चोळणं, गरम विटेने शेकणं, पोटीस बांधणं, दाबून पू काढणं, सगळं बंद. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असेल तर शेकताना भाजतं आणि दुखणं दुप्पट होतं. कातडी काळी-निळी पडली, फोड आले, दाबल्यावर आत हवा असल्यासारखी कुरकुर बोटाला लागली किंवा दिसतंय त्याच्या मानाने वेदना फारच जास्त असल्या, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या. ते साधं गळू नसतं.

हे झालं कसं? लोक 'औषध लागलं नाही' म्हणतात, पण दोष बहुधा टोचण्याच्या पद्धतीत असतो. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या कापसाची बरणी आठवा: दिवसभर तेच हात आत जातात. कापूस ऐनवेळी ओला करायचा असतो आणि कातडी पुसल्यावर स्पिरिट वाळू द्यायचं असतं. दुसरी गोष्ट, अनेक डोसांची मोठी बाटली. तिच्या रबरी बुचात सुई खोचून ठेवतात. तीच जंतूंची वाट. तिसरी सुईची लांबी. २५ मिमीची सुई जाड कुल्ल्यावर स्नायूपर्यंत पोचतच नाही. ३८ मिमीची लागते, स्थूल माणसात कधी तीही कमी पडते. औषध चरबीत पडलं की चरबी मरते आणि जंतू नसतानाही गाठ होते, पुढे तीच पिकते. रोज एकाच जागी टोचलं तरी तेच.

एक प्रकार मात्र बऱ्याचदा निसटतो. इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ येते, फारशी दुखत नाही, चिरा दिल्यावर भरतच नाही, बारीक छिद्रातून पाणी झिरपत राहतं. अशा वेळी पू मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरलाही पाठवायला सांगा. क्षयरोगाच्या कुटुंबातलेच हे जंतू नळाच्या पाण्यातही जगतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांच्यावर चालत नाहीत, क्षयाची नेहमीची औषधंही बहुधा नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं, तीही एकाहून जास्त, काही महिने घ्यावी लागतात. जखम महिन्याभरात भरली नाही, तर तिसरं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ही तपासणी मागा.